केथेरिकचे अमरत्व आणि ओरिनचे कवच: कथेला कोणती लढत अधिक न्याय देते?

घोडबंदरवासी:
'बाल्डर्स गेट ३' या २०२३ च्या गेमची कथा नुकतीच पूर्ण केली. (पुढे कथेतील रहस्ये उघड होतात.) केथेरिक, ओरिन आणि गॉर्टॅश या तीन खलनायकांवर अनुक्रमे मर्कुल, बाल आणि बेन या देवांचा वरदहस्त आहे. केथेरिकला मरणच नाही, तर ओरिनच्या अंगावरील कवचामुळे कितीही जबर घाव अवघ्या एका अंकाची इजा करतो. तरीही केथेरिकची लढत मनात घर करून राहिली आणि ओरिनची मात्र निव्वळ हिशेबाची वाटली, असे का व्हावे? ठाण्यात आम्ही मित्र रविवारी फासे घेऊन असाच खेळ मांडतो आणि पुढच्या कथेतील खलनायिकेला मला देवीचे संरक्षण द्यायचे आहे, म्हणून विचारतो.

नेरुळची वाचक:
माझ्या मते फरक संरक्षण कोठून आले यात आहे. केथेरिक आधी चंद्रदेवी सेलूनेचा भक्त होता, मुलगी इसोबेल गेल्यावर तो अंधाराची देवी शार हिच्याकडे वळला आणि शेवटी इसोबेलला परत जिवंत करणाऱ्या मर्कुलच्या पायाशी गेला. पण त्याचे अमरत्व यांपैकी कोणीही प्रसन्न होऊन दिलेले नाही. सेलूनेची कन्या डेम एलिन हिला बंदिवासात ठेवून, तिच्या अमर आत्म्यावर तो जगतो. ज्या देवीला त्याने सोडले, तिच्याच लेकीकडून ओरबाडलेले ते संरक्षण आहे. त्यामुळे मूनराईज टॉवर्स या त्याच्या गडावर तलवार उपसण्यापूर्वीच खरी लढत झालेली असते. एलिनला सोडवायचे की आपली सोबतीण, शारची भक्त शॅडोहार्ट हिच्या हातून तिचा बळी जाऊ द्यायचा, हा निर्णय आपला असतो. दोन्ही वाटांनी केथेरिक मर्त्य होतो, परंतु दुसऱ्या वाटेने लास्ट लाईट इन या सरायीत आसरा घेतलेली माणसे हकनाक जातात. ओरिनच्या कवचाबाबत आपल्याला असे काहीच ठरवावे लागत नाही.

कळव्याचा खेळगडी:
आपल्या लोककथांतील पोपटात जीव ठेवणाऱ्या राक्षसाचीच ही गोष्ट आहे, असे मला वाटत होते. परंतु तेथे पोपटाची मान मुरगळावी लागते, येथे पिंजरा उघडूनही काम होते, आणि हा बदल मला फार मोलाचा वाटतो. ओरिनवर मात्र थोडा अन्याय होत आहे. तिच्या कवचाचा थर प्रत्येक फटक्यासरशी कमी होतो, म्हणून एका प्रचंड घावापेक्षा मॅजिक मिसाइल या मंत्रासारखे अनेक लहान मारे उपयोगी पडतात. खेळ म्हणून ही रचना सुंदर आहे. फक्त तिचा कथेशी सांधा जुळलेला नाही. गॉर्टॅशची मदार तर देवापेक्षा स्टील वॉचच्या यंत्रांवरच अधिक आहे.

घोडबंदरवासी:
दोघांचेही आभार. म्हणजे खलनायिकेचे संरक्षण कोणाच्या तरी जिवावर उभे असावे. मग नायकांच्या बाजूलाही देवीने मदत करावी का?

नेरुळची वाचक:
जरूर करावी, पण ती मदत दुर्मीळ ठेवा. याच गेममध्ये क्लेरिकला, म्हणजे देवभक्त पुरोहित-योद्ध्याला, दहाव्या पातळीवर देवाचा धावा करता येतो, मात्र संपूर्ण कथेत एकदाच. म्हणून तो कधी करावा यावर आमच्या घरी भावंडांत तासन्‌तास चर्चा होत असे. याउलट इसोबेलचे प्रकाशाचे कवच लास्ट लाईट इनवर अखंड असते, पण ते तिच्या एकटीच्या बळावर तगलेले असल्यामुळे शत्रू थेट तिलाच उचलून न्यायला येतो. तुमच्या कथेत आधी हा हल्ला घडवा आणि खलनायिकेच्या संरक्षणाचे मूळ त्यानंतरच खेळाडूंच्या हाती लागू द्या.