मदत हवी आहे: अधिकार नसताना लाइनवर शब्द कसा चालवायचा?

रत्नागिरीत मिरकरवाड्याजवळच्या एका मासे प्रक्रिया कारखान्यात मी कोळंबी लाइनची नवी लीड आहे. सुपरवायझरचा हुद्दा नाही. मजुरी, रजा काहीच माझ्या हातात नाही. सोलणाऱ्या मावश्या माझ्याहून कितीतरी अनुभवी, नुसत्या नजरेने काउंट (ठरावीक वजनात किती कोळंब्या बसतील ते) सांगतात.

अडचण बर्फाची. सोललेला माल बर्फात, ४ अंशांखाली राहायला हवा. सांगितलं की हो म्हणतात, पण घाई आली की टब तसेच. कारण मला पटतं: मजुरी किलोवर आहे, बर्फ आणायला उठलं की तेवढी कमाई बुडते.

एकेकीशी बोलले, स्वतः बर्फ टाकत राहिले, मॅनेजरकडे बर्फासाठी वेगळा माणूस मागितला. ते म्हणाले, "आधी फरक दाखव." तक्रार करून कुणाची मजुरी कापली जावी, हे मला अजिबात नको. १ जूनला मासेमारीबंदी लागते, त्याआधी ही सवय बसायला हवी.

सगळ्या जणी ऐकतात अशा एक जुन्या मावशी आहेत. आधी त्यांना विश्वासात घेऊन पुढाकार त्यांच्याकडे द्यावा, की एकाच टेबलाच्या तापमानाच्या नोंदी ठेवून मॅनेजरसमोर जावं? किलोवरच्या कामात कुणी असं केलं असेल तर सुरुवात कुठून केलीत?