शब्दचर्चा : ‘नॉर्मलायझेशन’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न : यंत्रानुवादासाठी मजकूर तयार करताना प्रोग्रॅमर जे ‘नॉर्मलायझेशन’ करतात, ते प्रमाणीकरण की सामान्यीकरण?

उत्तर : दोन्ही नकोत. ‘सामान्यीकरण’ याच क्षेत्रात आधीच अडकलेला आहे: न पाहिलेल्या वाक्यांवरही मॉडेल (भाषांतर शिकलेला प्रोग्रॅम) नीट चालणं, या अर्थाने. ‘प्रमाणीकरण’ म्हटलं की प्रमाणभाषा आठवते आणि कुणीतरी ‘केलं’चं ‘केले’ करून टाकतं. ते संपादन झालं. बोलण्याचा सूर त्यात जातो. इथलं काम एवढंच, की दिसायला सारखा पण आतून वेगळ्या संकेतांनी साठवलेला शब्द एकाच रूपात आणायचा. मी ‘एकरूपीकरण’ म्हणेन.

प्रश्न : सरळ ‘साफसफाई’ का नको?

उत्तर : कारण साफसफाईत काढून टाकणं येतं, आणि मराठीचं नुकसान तिथेच होतं. ‘दऱ्या’तला अर्धा र दोन तऱ्हांनी साठवतात: ‘ऱ’ (युनिकोड या अक्षरांच्या जागतिक संकेतावलीत क्रमांक ०९३१) आणि हलन्त (अक्षराचा पाय मोडणारी खूण), किंवा साधा र, हलन्त आणि न दिसणारा झिरो-विड्थ जॉइनर (अक्षरं कशी जोडून दाखवायची ते सांगणारी खूण). हिंदी डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेला प्रोग्रॅम जॉइनर कचरा समजून काढतो. नुक्ते (अक्षराखालची टिंबं) काढण्याचा पर्याय चालू असेल तर ‘ऱ’ही वाचत नाही, कारण युनिकोडच्या लेखी तो र अधिक नुक्ता. मग सह्याद्रीच्या दऱ्यांचा दर्या होतो आणि इंग्रजीत समुद्र उतरतो. ‘आचाऱ्यांना’चं ‘आचार्यांना’ झालं, तर स्वयंपाक्यांचा निरोप विद्वानांना पोचतो! एकदा मिटलेला फरक मॉडेलला फक्त संदर्भावरून ताडावा लागतो.

म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी एनएफसी (युनिकोडचीच एकरूप करण्याची ठरलेली पद्धत), त्याने र आणि सुटा नुक्ता मिळून ‘ऱ’ होतो. मग र-हलन्त-जॉइनरच्या जागी ऱ-हलन्त. उरलेले जॉइनर त्यानंतरच काढायचे, नुक्त्यांना हात लावायचा नाही. ‘अॅप’ आणि ‘ॲप’ एनएफसीने एक होत नाहीत, त्यासाठी वेगळा नियम लिहावा लागतो. आणि हेच सगळं मॉडेलला शिकवण्याच्या मजकुरावर तसंच वापरणाऱ्याच्या वाक्यावरही चालवायचं. नाहीतर तोच शब्द दोन ठिकाणी वेगळ्या तुकड्यांत फुटतो.

पुरवणी (प्रश्नकर्त्याकडून) : ‘एकरूपीकरण’ पटलं. क्रियापद मात्र साधं ‘एकरूप करणे’ ठेवावं. चाचणीच्या यादीत दर्या-दऱ्या, आचार्यांना-आचाऱ्यांना या जोड्या हव्यातच. प्रक्रियेनंतर जोडीतले दोन शब्द एक झाले, तर प्रोग्रॅम परत पाठवावा.