नवशिक्याने पहिल्या शिकारीला कुठलं पातं लावावं? माझं मत : फिक्स्ड ब्लेड, आणि तेही धनुष्य जुळवल्यावरच

कातळसडा

भाचा पेनसिल्व्हेनियात नोकरीला आहे. येत्या ऑक्टोबरात तो पहिल्यांदा धनुष्य घेऊन हरणाच्या शिकारीला जाणार आहे. तिथे ही शिकार कायदेशीर आहे, पण नियम कडक आहेत. हंटर एज्युकेशनचा कोर्स केल्याशिवाय पहिलं लायसन्स मिळत नाही. धनुष्य किमान 35 पाउंडांचं, म्हणजे ओढायला तेवढा जोर लागणारं, लागतं आणि ब्रॉडहेड, म्हणजे बाणाचं धारदार पातं, किमान 7/8 इंच रुंद लागतं. त्याने मला विचारलं, "मामा, दुकानदार मेकॅनिकल, म्हणजे लागल्यावर पाती उघडणारं, घे म्हणतो. म्हणे फील्ड पॉइंटसारखंच उडतं, धनुष्याला हात लावायची गरज नाही. घेऊ का?"

मी रत्नागिरीजवळ एका कातळावर पोरांना कंपाऊंड, म्हणजे टोकांना चाकं असलेलं धनुष्य, शिकवतो. 2023 साली बर्लिनला ओजस देवतळे आणि अदिती स्वामी जगज्जेते झाले, तेव्हापासून आमच्याकडेही कंपाऊंड मागणारी पोरं वाढलीत. शिकार मी कधी केलेली नाही, हे आधीच सांगतो. पण बाण सरळ का जातो आणि वाकडा का जातो, यात माझी 15 वर्षं गेली आहेत, आणि त्याच जोरावर भाच्याला नको म्हणालो.

कारण असं. फील्ड पॉइंट म्हणजे सरावाचं गुळगुळीत टोक. बाण दोरीवरून किंचित तिरका सुटला तरी मागची पिसं त्याला सावरून घेतात. फिक्स्ड ब्रॉडहेडला पुढे कायम उघडी पाती असतात. वारा त्या पात्यांनाही धरतो, म्हणजे पिसं मागून सुकाणू चालवतात आणि पाती पुढून. बाण सरळ सुटला तर दोघांचं भांडण नाही. तिरका सुटला तर पुढचं सुकाणू जिंकायला बघतं आणि बाण चार-पाच इंच बाजूला जातो. मेकॅनिकलची पाती उड्डाणात मिटलेली असतात, त्यामुळे हा दोष दिसत नाही. दिसत नसला तरी असतोच. तिरका बाण हरणाला तिरकाच लागतो, त्याची ताकद दांडा लचकण्यात जाते आणि तो खोल जात नाही. आपलं चुकतंय हे नवशिक्याला तोंडावर सांगणारं पातं हवं, लपवणारं नको.

खाडीकाठ

दादा, मी मूळचा गुहागरचा, बारा वर्षं न्यू जर्सीत आहे आणि त्यातली आठ वर्षं धनुष्याने शिकार करतोय. तुमचं विज्ञान बरोबर आहे, सल्ला चुकीचा आहे.

नवशिक्या झाडावरच्या मचाणावर बसतो तेव्हा त्याचे हात थरथरत असतात. मैदानावर तीन इंचांत बाण लावणारा माणूस जिवंत हरणासमोर सहा-सात इंच चुकतो. त्या क्षणी सव्वा इंचाचं फिक्स्ड पातं आणि दोन इंच उघडणारं मेकॅनिकल यांत फार फरक पडतो. मोठी जखम म्हणजे जास्त रक्त, जास्त रक्त म्हणजे माग सापडतो आणि जनावर लवकर मरतं. तुम्ही चुका दाखवणारं पातं म्हणता. पण शिकारीच्या दिवशी चूक दिसून काय उपयोग? त्या दिवशी चूक भोगणारं हरण असतं.

माझं दुसरं म्हणणं तुम्ही कोच असल्यामुळे तुम्हाला जास्त पटेल. नवशिक्याची ढबच अजून बसलेली नसते. आज मूठ एक, उद्या दुसरी. अशा हाताने धनुष्य ट्यून करणं, म्हणजे जुळवणं, हे भरतीच्या पाण्यावर काठी रोवून खोली मोजण्यासारखं. आज रेस्ट, म्हणजे बाण टेकायचा आधार, डावीकडे सरकवेल, आठवड्याने उजवीकडे, आणि सीझन येईपर्यंत कशावरच भरवसा उरणार नाही.

माडाची सावली

खाडीकाठ भाऊ, तुमचा हिशोब जोरदार धनुष्यावर चाललाय. मी दापोलीची, आता ओहायोत असते. माझं धनुष्य 45 पाउंडांचं, ड्रॉ, म्हणजे दोरी ओढायची लांबी, 26 इंच. बाण 350 ग्रेनचा (ग्रेन हे वजनाचं बारीक माप), वेग सेकंदाला जेमतेम 200 फूट. वजन गुणिले वेगाचा वर्ग, भागिले 450240 केलं की बाणाच्या ताकदीचे फूट-पाउंड मिळतात. माझे येतात 31. ईस्टन या बाणांच्या कंपनीच्या तक्त्यात हरणासाठी 25 ते 41 दिलेत, रानडुक्कर आणि एल्क या मोठ्या हरणासाठी 42 ते 65. म्हणजे हरणापुरती मी आत आहे, पण उधळायला माझ्याकडे काही नाही.

मेकॅनिकलची पाती उघडायला ताकद लागते, आणि दोन इंचांचं भोक पाडत पुढे जायला त्याहून जास्त. ती येते माझ्या 31 मधूनच. पहिल्या सीझनला मी असंच रुंद मेकॅनिकल लावलं होतं. बाण अर्धाच आत गेला, पलीकडे बाहेर पडलाच नाही. वरून लागलेल्या बाणाला खाली भोक पडलं नाही तर रक्त आतच साठतं, जमिनीवर थेंब पडत नाहीत. हरण सापडलं, पण दुसऱ्या दिवशी. ती रात्र मी विसरलेले नाही. तेव्हापासून दोन धारांचं अरुंद फिक्स्ड पातं लावते.

बायका, किशोरवयीन मुलं, लांडा ड्रॉ असलेली माणसं, यांना 'मोठी जखम' हा सल्ला देऊ नका. आधी पाउंडेज विचारा. दादा, भाच्याचं किती आहे?

कातळसडा

ताई, 60 पाउंड, ड्रॉ 28 इंच, बाण साधारण 420 ग्रेनचा. त्यामुळे ताकदीची अडचण त्याला नाही, पण तुम्ही सांगितलंत ते माझ्या मूळ लिखाणात यायला हवं होतं.

खाडीकाठ, ढबीचा मुद्दा मी टाळणार नाही, कारण तो मी स्वतः भोगलाय. कंपाऊंड नवं घेतलं तेव्हा कागदातून बाण मारून बघितला. सहा-सात फुटांवर चौकटीत कागद ताणायचा आणि त्यातून बाण सोडायचा. टोकाचं भोक आणि पिसांची फाट एकाच जागी आली तर बाण सरळ सुटला. माझी फाट सतत आडवी यायची. महिनाभर मी रेस्ट सरकवत राहिलो, केसाएवढी इकडे, केसाएवढी तिकडे. शेवटी एका जुन्या धनुर्धराने मागे उभं राहून माझी मूठ बघितली. मी ग्रिप आवळून धरत होतो, आणि दोरी सुटताना धनुष्य मनगटातून पिळलं जात होतं. बोटं सैल सोडून तळव्याच्या अंगठ्याकडच्या उंचवट्यावर भार घेतला, तर त्याच दिवशी भोक गोल आलं. महिन्याचं सरकवणं वाया गेलं, रेस्ट परत पहिल्या जागी आणावा लागला.

म्हणून ट्यूनिंगला मी आधी ढब तपासण्याचं साधन मानतो. एकाच ढबीने दहा बाण कागदातून मारा. दहाही फाटी एकाच दिशेला असतील तर दोष धनुष्यात किंवा बाणात. वेगवेगळ्या दिशांना असतील तर दोष हातात, पाना डब्यात ठेवा. हे नवशिक्यालाही कळतं.

क्रमही सांगतो, कारण दुकानात उलटा चालतो. ड्रॉ लेंग्थ आधी. ती अर्धा इंच जरी जास्त असली तरी खांदा उचलला जातो, मग बाकी सगळं व्यर्थ. मग कॅमचं टायमिंग, म्हणजे टोकांची चाकं बरोबरीने फिरतात का ते. मग बाणाचा स्पाइन. 28 इंचांच्या आधारावर दांडा ठेवून मध्ये 880 ग्रॅमचं वजन टांगलं की तो किती वाकतो तो स्पाइन, अर्धा इंच वाकला तर 500. आणि इथे सगळे चुकतात : सराव 100 ग्रेनच्या टोकावर करायचा आणि शिकारीला 125 चं ब्रॉडहेड लावायचं. पुढचं वजन वाढलं की सुटताना दांडा जास्त लचकतो, म्हणजे तोच बाण मऊ झाल्यासारखा वागतो. सराव आणि शिकार एकाच वजनावर हवी.

त्यानंतर कागद. फाट वर असेल, म्हणजे पिसं उंच, तर डी-लूप (दोरीवर बाणामागचा छोटा फास) किंचित खाली किंवा रेस्ट किंचित वर. आणि शेवटी खरी परीक्षा : 20 यार्डांवरून तीन फील्ड पॉइंट आणि तीन ब्रॉडहेड. ब्रॉडहेडचा घोळका डावीकडे पडला तर रेस्ट उजवीकडे, खाली पडला तर वर. रेस्ट नेहमी ब्रॉडहेडला फील्ड पॉइंटकडे न्यायच्या दिशेने हलवायचा, एका वेळी 1/32 इंच, म्हणजे मिलिमीटरहून कमी.

कुणगो

दादानु, माका ह्यातला कायच कळणा नाय, पण एक इचारतंय. गेल्या सालाक डुकरांनी माजो कापणीक इललो भात एका रातीत लोळवलो. आता राखणेक जाग्या रवाचा तर माणूस मिळणा नाय. तुमी म्हणतास 42 ते 65 ची ताकद डुकराक पुरता. मगे आमी हयसर बाणान डुक्कर मारलो तर? बंदूक नाय, आवाज नाय, बाराचो धोको नाय.

सड्यावरची

काका, नाही. दु:ख तुमचं खरं आहे, पण हे करू नका.

1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकार म्हणजे फक्त बंदूक नव्हे. फास, सापळा, बाण, आणि नुसता प्रयत्नसुद्धा त्यात येतो. 2022 च्या दुरुस्तीनंतर रानडुक्कर अनुसूची 2 मध्ये आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. उभ्या पिकाला धोका असेल तर कलम 11 खाली मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी लेखी परवानगी देऊ शकतो, कारणं नमूद करून. त्या कागदाशिवाय आपल्या कुणग्यातलं डुक्कर मारणंही गुन्हाच. नुकसानीसाठी वनखात्याकडे अर्ज करा, पंचनामा होईपर्यंत लोळलेलं पीक तसंच राहू द्या, फोटो काढून ठेवा.

आणि दादा, मला या धाग्याबद्दलच बोलायचंय. मला शिकार पटत नाही, पेनसिल्व्हेनियातलीही नाही. पण माडाच्या सावलीताईंनी ती रात्र विसरले नाही असं लिहिलं, तिथे मी थांबले. जखमी जनावर झुडपात रात्रभर पडून राहणं ही या सगळ्यातली सगळ्यात वाईट गोष्ट. तुमचा वाद त्याबद्दल असेल तर माझा प्रश्न सरळ आहे. ज्याचा बाण 20 यार्डांवर चार इंच भरकटतो, त्याने या वर्षी जावंच का? पुढच्या वर्षी का नाही?

खाडीकाठ

सड्यावरच्या ताई, तुमचा प्रश्न रास्त आहे आणि माझं उत्तर 'जाऊ नये' असंच आहे. मेकॅनिकल लावा म्हणणारा मी, पण न जुळलेल्या धनुष्यावर लावा असं मी म्हणत नाही. दुकानदाराने भाच्याला सांगितलेलं 'हात लावायची गरज नाही' हे वाक्य मलाही मान्य नाही.

कुणगोकाका, ताईंनी कायदा सांगितला, त्यात मी एका गोष्टीची भर घालतो. डुकराच्या खांद्यावर जाड, टणक कातडीची ढाल असते. अंधारात, पळत्या डुकरावर, शिकाऊ हाताने बाण मारला तर ते मरणार नाही. जखमी होऊन शेजारच्या बागेत शिरेल, आणि पहाटे काजू वेचायला गेलेल्या बाईच्या अंगावर येईल.

दादा, तुमचा क्रम मला मान्य आहे. पण धनुष्य जुळल्यानंतरही मी मेकॅनिकलच लावेन. जुळलेल्या धनुष्यावर ते दोष लपवत नाही, कारण लपवायला दोषच उरत नाही. मग मोठ्या जखमेचा फायदा का सोडायचा? 60 पाउंड त्याला पुरेसे आहेत.

माडाची सावली

तिरक्या कोनातून मारलं तर? जनावर आपल्यापासून थोडं पाठमोरं असताना बाण बरगडीवर घसरत लागतो. पाती एकाच वेळी उघडली नाहीत तर बाण वळतो. फिक्स्डमध्ये उघडण्याचा प्रश्नच नाही. शिवाय पाती धरून ठेवणारं रबराचं कडं थंडीत चिरतं. नवशिक्या ते तपासायला विसरणार, ही खात्री धरा.

कातळसडा

काल रात्री भाच्याशी बोललो. ही सगळी चर्चा त्याला वाचून दाखवली, सड्यावरच्या ताईंचा प्रश्न दोनदा.

त्याने गेल्या रविवारी 20 यार्डांवर परीक्षा घेतली. 100 ग्रेनचं तीन पात्यांचं फिक्स्ड ब्रॉडहेड, 100 ग्रेनचाच फील्ड पॉइंट. ब्रॉडहेड पाच इंच डावीकडे. मी त्याला रेस्टला हात लावू दिला नाही, फोनवर मूठ दाखवायला सांगितली. आवळलेली. घराण्यातच आहे बहुतेक. बोटं सैल सोडायला लावली आणि आठवडाभर फक्त पाच यार्डांवरून सराव करवला. काल परत मोजलं तेव्हा दोन इंच डावीकडे. मग रेस्ट 1/32 ने उजवीकडे, दोनदा. आता दोन्ही घोळके एकमेकांत मिसळलेत. एक ब्रॉडहेड तरीही बाहेर जात होतं. तो बाण हाताच्या तळव्यावर टेकवून गोल फिरवला तर पातं डुगडुगत होतं. दांड्याचं तोंड सरळ कापलेलं नव्हतं. तो बाण बाजूला काढला.

30 यार्डांवरही हेच जमलं तर या वर्षी जाईल, आणि जंगलात 20 च्या पुढे बाण सोडणार नाही. नाही जमलं तर पुढच्या ऑक्टोबरला. हे त्याने स्वतः ठरवलं. पातं फिक्स्डच. मेकॅनिकल लावलं असतं तर ते पाच इंच आम्हाला दिसलेच नसते आणि मूठही सुधारली नसती.

खाडीकाठ

फिक्स्ड तर फिक्स्ड, यावर आता वाद घालत नाही. तीन गोष्टी मात्र त्याला सांगा. ज्या पात्यांनी फोममध्ये सराव केला ती पाती जंगलात न्यायची नाहीत, नवी बसवायची. रबरबँड ताणून धरला आणि पात्याचा नुसता स्पर्श होताच तुटला, तरच धार आहे. बाण लागल्यावर लगेच खाली उतरायचं नाही, अर्धा तास बसून राहायचं. पोटात लागल्याची शंका असेल तर आठ-दहा तास. मागे धावलं की जखमी हरण उठून आणखी लांब जातं आणि मग सापडत नाही. आणि शनिवारी रिकामा असेल तर मला फोन करायला सांगा. त्याच्यापासून अडीच तासांवर राहतो, माझ्याकडे 30 यार्डांची मोकळी जागा आहे.