मदत हवी आहे: एज्राच्या पुस्तकातला 'अगर्ताल' म्हणजे नेमकं कोणतं भांडं?

नमस्कार मंडळी,

हिब्रू, अरामी किंवा जुनी फारसी जाणणारं इथे कुणी असेल तर एका शब्दासाठी मदत हवी आहे. आम्ही बेने इस्रायल, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू, ठाण्याचे. पप्पांना आता बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून हिब्रू बायबलमधलं एज्राचं पुस्तक मी हिब्रूवरून मराठीत करून वहीत मोठ्या अक्षरात लिहून देते आहे. पहिल्याच अध्यायात अडले.

प्रसंग असा. बाबेलचा राजा नबुखदनेस्सर याने जेरुसलेमच्या मंदिरातली भांडी लुटून बाबेलला नेलेली. पुढे इ.स.पू. ५३९ मध्ये इराणच्या कोरेश (सायरस) राजाने बाबेल जिंकलं आणि ती परत करायचा हुकूम दिला. खजिनदार मिथ्रदाथ ती मोजून यहूदाचा सरदार शेशबस्सर याच्या हवाली करतो. (खजिनदारासाठीचा 'गिझबार' हा शब्दही इराणी, आपल्या संस्कृतातल्या 'गंजवर'चा भाऊबंद.) नवव्या वचनात यादी सुरू होते: सोन्याचे अगर्ताल ३०, चांदीचे अगर्ताल १०००. या एका वचनात दोनदा, आणि बाकी सबंध तनाखमध्ये (हिब्रू बायबलमध्ये) हा शब्द कुठेच नाही.

माझी आत्या इस्रायलमध्ये अश्दोदला असते. मागच्या आठवड्यात व्हिडिओ कॉलवर ती नातवाला म्हणाली, "ते अगर्ताल जरा बाजूला घे रे," आणि त्याने टेबलावरची काचेची फुलदाणी उचलली. आजच्या हिब्रूत अगर्ताल म्हणजे फुलदाणीच. पण मंदिरात हजार चांदीच्या फुलदाण्या? मला पटत नाही.

जुन्या भाषांतरांत एकवाक्यता नाही. सेप्टुअजिंटमध्ये, म्हणजे जुन्या ग्रीक भाषांतरात, 'प्सिक्तेर' आहे, म्हणजे द्राक्षारस गार ठेवायचं भांडं. जेरोमच्या लॅटिनमध्ये वाडगे. १६११च्या किंग जेम्समध्ये मोठी ताटं. जेरुसलेम तालमूद या ज्यू धर्मग्रंथात शब्द फोडून दाखवलाय: 'अगार' म्हणजे गोळा करणं, 'ताले' म्हणजे कोकरू, म्हणून कोकराचं रक्त धरायचं पात्र. ही फोड मला फार आवडते, पण व्युत्पत्ती म्हणून ती टिकेल असं वाटत नाही. हिब्रू शब्दांची मुळं बहुधा तीन अक्षरांची. इथे अलेफ, गिमेल, रेश, तेत, लामेद अशी पाच आहेत. शब्द बाहेरूनच आलेला दिसतो.

कुठून, यावरच खरा वाद आहे. काही जण ग्रीक 'कार्तालोस'कडे बोट दाखवतात, म्हणजे टोपली. अरामीत 'कर्ताल्ला' आहे, अरबीत 'किर्ताल्ला', दोन्ही टोपल्याच. अनातोलियातल्या (आजच्या तुर्कस्तानातल्या) जुन्या हित्ती भाषेतही 'कुर्ताल' नावाचं भांडं सापडतं, त्यामुळे ग्रीकांनीसुद्धा हा शब्द तिकडूनच उचलला असेल. माझी शंका अशी: सेप्टुअजिंटमध्येच 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाच्या २६व्या अध्यायात पहिल्या पिकाच्या टोपलीला 'कार्तालोस' म्हटलंय. मग एज्राचं भाषांतर करणाऱ्याला तो शब्द अगर्तालसाठी का सुचला नाही? भाषांतरकार वेगळे होते, हे मान्य. तरी प्रश्न राहतोच.

माझा कल तरीही टोपलीकडे आहे. आपण देवाच्या फुलांची परडी म्हणतो. मूळची वेताची, पण चांदीची केली तरी ती परडीच. तसं वेताच्या टोपलीचं नाव त्याच घाटाच्या धातूच्या भांड्याला चिकटलं असेल का?

आकड्यांवरून काही हाती लागत नाही. यादीची बेरीज २४९९ येते आणि अकराव्या वचनात एकूण ५४०० लिहिलंय. नकला करताना मध्ये काहीतरी गळलेलं दिसतं.

तर विचारायचं एवढंच:

'क'चा 'ग' होणं आणि आधी 'अ' लागणं, हे त्या काळच्या उसन्या शब्दांत इतरत्र दिसतं का? दाखले हवे आहेत.

अक्कादी (बाबेलच्या जुन्या भाषेतल्या) दफ्तरात, मंदिराच्या किंवा राजवाड्याच्या भांड्यांच्या याद्यांत, याच्या जवळचं नाव कुणी पाहिलंय का?

आणि मराठीत काय लिहू? परात, घंगाळ, तस्त, परडी, सगळे लिहून खोडून झाले. पप्पा म्हणतात, "अगर्तालच ठेव, खाली समजावून लिही." पण मोठ्याने वाचताना ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे भांडं उभं राहायला हवं ना. सध्या वहीत पेन्सिलीने 'परडी' लिहून ठेवलंय.