घावणे, उकड फोटोत कधी राखाडी, कधी फटफटीत येतात – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

दिवाळीनंतर माझ्या आईला ७५ वर्षं पूर्ण होतील. तिच्या हातच्या न्याहारीच्या पदार्थांची एक छोटी वही छापून भावंडांना आणि नातवंडांना द्यायची असं ठरवलंय. कृती लिहून झाल्या. घोडं अडलंय ते फोटोंवर.

आई कोकणातली, त्यामुळे यादी अशी: घावणे, आंबोळ्या, तांदळाची उकड, मऊभात-मेतकूट, शिरवाळे (तांदळाच्या शेवया), खापरोळ्या. खापरोळीची हळद आणि मेतकूट सोडलं तर सगळा पांढरा कारभार. पोह्यांना शेंगदाणे, कोथिंबीर असते, मिसळीला तर्री असते. घावणाचं सगळं रूप त्याच्या जाळीत, आणि फोटोत नेमकी तीच नाहीशी होते.

आतापर्यंत काय केलं ते सांगते. ओट्यावर ट्यूबलाइट लावून काढले, तर उकडीवर हिरवट झाक आली. फ्लॅश मारला तर घावण कागदासारखं सपाट दिसलं. पांढऱ्या ताटलीत ठेवलं की राखाडी येतं, आणि तेच काळ्या ग्रॅनाइटवर ठेवलं की इतकं फटफटीत पांढरं होतं की जाळीचं एक भोक दिसत नाही. फिल्टर लावून पाहिला, तर मऊभात केशरी झाला.

खिडकी एकच आहे, तीही पश्चिमेला. आई सकाळी साडेसातला करते, म्हणजे ऊनही नाही. फोन तीन वर्षं जुना, साधा अँड्रॉइड. नवा कॅमेरा घेणं जमणार नाही.

दोन अटी आहेत. पदार्थ गार होईपर्यंत ताटकळत ठेवता येणार नाही, तव्यावरचं घावण ताटात पडलं की ते खायचंच, हा आईचा नियम आहे आणि मला तो मोडायचा नाही. दुसरं, चमक यावी म्हणून रंग किंवा खायचं नाही असं काही वरून लावायचं नाही. जे फोटोत असेल तेच आम्ही खाल्लेलं असावं.

प्रतिसाद १

ताई, तुमची पश्चिमेची खिडकी सकाळी उत्तम आहे. थेट ऊन नसल्यामुळे प्रकाश मऊ येतो. पूर्वेच्या खिडकीवाल्यांना तोच मऊपणा आणायला काचेवर पांढरा पंचा किंवा ट्रेसिंग पेपर लावावा लागतो. तुम्ही फक्त ट्यूब बंद करा. खिडकीचा प्रकाश निळसर आणि ट्यूबचा हिरवट, दोन्ही एकत्र पडले की पांढऱ्या पदार्थाचा रंग कुठल्याच सेटिंगने धड येत नाही.

टेबल खिडकीला अगदी लागून घ्या. दोन फुटांवर आणि सहा फुटांवर प्रकाशात फार मोठा फरक पडतो.

राखाडी आणि फटफटीत ही दुखणी दोन वाटतात, पण मूळ एकच आहे. समोरचं दृश्य मध्यम उजेडाचं असणार असं धरून फोन उजेड ठरवतो. पांढऱ्या ताटलीत पांढरं घावण दिसलं की त्याला उजेड जास्त वाटतो, म्हणून तो फोटो काळवंडतो. काळा ग्रॅनाइट दिसला की उलट, उजेड वाढवतो आणि घावण जळून जातं. म्हणून फोनवर सोडू नका. स्क्रीनवर दिसणाऱ्या घावणावर बोट दाबून धरा, फोकस आणि उजेड तिथेच पक्का होतो. मग सूर्याचं चिन्ह सरकवा: घावण राखाडी दिसत असेल तर थोडं वर, फटफटीत दिसत असेल तर थोडं खाली. जाळीची भोकं दिसू लागली की थांबा.

प्रतिसाद २

जाळीसाठी प्रकाश आडवा हवा. भिंतीचे खड्डे समोरच्या दिव्यात दिसत नाहीत, बाजूने उजेड पडला की दिसतात, तसंच हे. खिडकी डाव्या किंवा उजव्या हाताला ठेवा. खिडकीच्या समोरच्या बाजूला पांढरा कार्डशीट उभा करायची सवय अनेकांना असते, घावणाला तो लावू नका, सावली पुसली जाते. उकडीला मात्र लावा.

घावण सपाट पसरून न ठेवता चौघडी घाला, थर उचलले जातात. सपाट ठेवायचंच असेल तर बरोबर वरून काढा. उकड वाटीत, साधारण ४५ अंशातून. आंबोळ्यांची चळत असेल तर फोन जवळजवळ टेबलाच्या पातळीला आणा.

आणि फोन पदार्थाला चिकटवू नका. फार जवळून काढलं की ताटलीची अलीकडची कड फुगते. थोडं मागे सरकून २एक्स झूम करा. १२ मेगापिक्सेलचा फोन असेल तर लांबी-रुंदी दोन्ही अर्धी होऊनही सुमारे २००० बाय १५०० ठिपके उरतात, छपाईत साडेसहा बाय पाच इंच. वहीला पुष्कळ झाले.

धागाकर्ती

किती नीट समजावलंत! दोन शंका. भांडी कोणती घेऊ? स्टीलच्या ताटात माझाच हात आणि फोन दिसतो. आणि उकडीची वाफ फोटोत येईल का? आई वरून कच्चं तेल घालते तेव्हा जो वाफारा येतो, तो मला फार हवाय.

प्रतिसाद ३

आईंची जुनी भांडी असतील तर तीच घ्या, वही त्यांची आहे. काशाची वाटी, पितळी ताट, लाकडी पोळपाट, सगळ्यांचा उबदार रंग पांढऱ्याला उठाव देतो. पितळ फार घासूनपुसून लखलखीत करू नका. केळीचं पान सुंदर दिसतं, पण पातळ घावणाच्या कडेला हिरवी झाक मारतं. पान घेतलंत तर मध्ये ताटली ठेवा. लाल लसणाची चटणी एक चमचाभर पुरे, लगेच फोटो जिवंत होतो.

वाफेला मागून प्रकाश आणि पाठीमागे काळोख लागतो. वाटी खिडकी आणि तुमच्या मध्ये ठेवा, वाटीमागे गडद निळं खादीचं कापड किंवा काळा पुठ्ठा उभा करा, खिडकीचा उजेड वरून-कडेने येऊ द्या. पांढऱ्या भिंतीपुढे वाफ असते, पण दिसत नाही.

गार होण्याचं म्हणाल तर आधी रिकामी वाटी ठेवून सगळी मांडणी, उजेड, फोनची जागा ठरवून ठेवा. फोन डब्यांच्या चळतीला टेकवून पक्का करा. मग खरी वाटी आली की चार फोटो, अर्ध्या मिनिटात पदार्थ मोकळा.

छापखान्यात पाठवताना व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवू नका, बारीक होतात. डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

धागाकर्ती

आज रविवारी करून पाहिलं. ट्यूब बंद, टेबल खिडकीशी, काशाची वाटी. रिकाम्या वाटीने सव्वासातलाच मांडणी करून ठेवली होती. आईने उकड वाढली, तेलाची धार सोडली, आणि तिसऱ्या फोटोत वाफ आली! थोडा निळसरपणा होता, तो व्हाइट बॅलन्समध्ये (रंगाची झाक सुधारायची सेटिंग) ‘क्लाउडी’ निवडल्यावर गेला. घावणाची जाळीही दिसतेय, अगदी मोजता येईल इतकी. आईने फोटो मोठा करून पाहिला आणि म्हणाली, कडेला तवा जरा जास्त तापला होता. दोघींनी गरमच खाल्लं.

आता उरले शिरवाळे. नारळाच्या दुधाचा गुळाचा रस वाटीत, शेवया ताटात, दोन्ही एकाच फोटोत हवं. शेवयांचा नुसता पांढरा गोळा दिसतो, धागे सुटे दिसत नाहीत. हेही आडव्या उजेडाने जमेल, की मांडणी वेगळी करावी लागेल? पुढच्या रविवारी साचा काढणार आहोत, त्याआधी कुणी सांगाल का?