हेजहॉग प्रथिन पेशीपासून सुटते ते मेद कापून की मेदासकट?

धागा (धरमपेठ, नागपूर)
एम.एस्सी.च्या वर्गात पेशींमधील संदेशवहन शिकवताना माझी दरवर्षी एकाच जागी कोंडी होते. गर्भात बोटांची आणि मेंदूची घडण ठरवणारे सॉनिक हेजहॉग हे प्रथिन तयार होताना स्वतःलाच छेद देते. त्या छेदाच्या जागी कोलेस्टेरॉल जोडले जाते आणि दुसऱ्या टोकाला पामिटिक आम्ल. दोन्ही मेद पेशीपटलात रुतलेले असूनही हा संदेश कित्येक पेशींपलीकडे पोहोचतो. मेद पाण्यात मिसळत नाही; सावजी रश्श्यावरची तर्री ज्याने पाहिली आहे, त्याला यातला पेच सांगावा लागणार नाही. माझे मत असे, की पृष्ठभागावरील प्रथिनभेदी विकरे मेदाची टोके छाटून उरलेले प्रथिन मोकळे करतात. टीएनएफ-अल्फा हे दाह घडवणारे संदेशवाहक प्रथिनही एडॅम-१७ या विकराच्या छेदानेच सुटते.

प्रतिसाद (महाल)
मॅडम, टीएनएफ-अल्फा पटलातून आरपार गेलेले असते, मेदाने टांगलेले नसते. त्यामुळे ते उदाहरण येथे लागू पडत नाही. हेजहॉग ज्याला रोखून संदेश देते, त्या पॅच्ड या ग्राहक प्रथिनाची जी रचना २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली, तिच्यात पामिटिक आम्लाचे टोक ग्राहकाच्या आत शिरलेले दिसते. तेच छाटले, तर ग्राहकाला रोखणार कोण? शिवाय फळमाशीमध्ये १९९९ साली सापडलेले डिस्पॅच्ड प्रथिन नसेल, तर पेशी हेजहॉग तयार करते, पण ते तिच्याजवळच अडकून राहते. स्क्यूब-२ हे स्रवणारे प्रथिन डिस्पॅच्डकडून हेजहॉग कोलेस्टेरॉलसकट उचलून घेते, असे २०१२ मध्ये दाखवले गेले. कात्रीनेच काम भागत असते, तर या दोघांची गरजच पडली नसती.

धागाकर्ती
पामिटिक आम्लाबद्दलचा आक्षेप मला मान्य आहे. कोलेस्टेरॉलबद्दल मात्र मी ठाम आहे. जिवाणूंकडून बनवून घेतलेल्या हेजहॉगमध्ये कोलेस्टेरॉल नसते, तरीही ते पेशींना संदेश देते, आणि त्याच्या आरंभीच्या, म्हणजे पामिटिक आम्लाच्या, टोकाला जलविरोधी अमिनो आम्ले बसवली की त्याचा प्रभाव वाढतो. मग कोलेस्टेरॉलचे टोक वाटेतच सोडून दिले, तर बिघडले कुठे?

प्रतिसाद (प्रतापनगर)
आपण दोघेही मेदवाहक कणांना विसरत आहात. माशीच्या अळीत हेजहॉग अशा कणांवर बसलेले असते, हे २००५ मध्येच दिसले होते.

प्रतिसाद (महाल)
ते कण माझ्याच बाजूने बोलतात, कारण मेद शाबूत असल्याशिवाय हेजहॉग त्यांना चिकटेल कशाने? मॅडम, मुद्दा मोजमापाचा आहे. मेद जोडलेले हेजहॉग वजनाने जड असूनही, प्रथिने आकारानुसार पट्ट्यांमध्ये वेगळी करणाऱ्या जेलमध्ये बिनमेदाच्या हेजहॉगपेक्षा पुढे धावते. त्यामुळे नुसत्या पट्ट्यांवरून छेदाचा निष्कर्ष काढणे धोक्याचे आहे. पेशींकडून हेजहॉग भरमसाट बनवून घेतले, तर पामिटिक आम्ल जोडणारे विकर अपुरे पडते, आणि मग आपण ज्याला कापलेले समजतो, त्याला मेद कधी लागलेलाच नसतो. सुटलेल्या प्रथिनाचे वस्तुमान मोजून दाखवा, मी मत बदलेन.

धागाकर्ती
ही अट रास्त आहे. मात्र ती आपल्या स्क्यूब-२ लाही तितकीच लागू करा, कारण त्या प्रयोगांतही पेशींकडून हेजहॉग मुद्दाम जास्त बनवून घेतले जाते.