मदत हवी आहे: लेकीला सायकॉलॉजीच्या चार ऑफर आल्यात, फर्म (पहिली पसंती) कुठली आणि इन्शुरन्स (राखीव) कुठली?

नमस्कार मंडळी, इथे यूकेत राहणारे बरेच जण आहेत म्हणून विचारतेय. ज्यांची मुलं नुकतीच युनिव्हर्सिटीत गेलीयेत किंवा जे स्वतः मेंटल हेल्थच्या क्षेत्रात काम करतायत त्यांनी प्लीज सविस्तर लिहा, मोठं झालं तरी चालेल, मी सगळं वाचणार आहे.

लेक ए-लेव्हलच्या दुसऱ्या वर्षाला आहे (म्हणजे आपली बारावी), विषय सायकॉलॉजी, बायॉलॉजी आणि इंग्लिश लिटरेचर. युकासवर (युनिव्हर्सिटी प्रवेशाच्या अर्जांची साइट) पाच चॉइस टाकले होते, एका ठिकाणी नकार आला, बाकी चार ऑफर हातात आहेत. बाथ, कार्डिफ, ग्लासगो आणि रेडिंग. आम्ही रेडिंगजवळच राहतो, म्हणजे ती घरून जाऊन-येऊन करू शकेल. चारही कंडिशनल आहेत, म्हणजे मागितलेले ग्रेड मिळाले तरच जागा. बाथला ए स्टार, ए, ए मागितलेत आणि तिचे प्रेडिक्टेड ग्रेडसुद्धा तेवढेच आहेत, म्हणजे जरासंही घसरून चालणार नाही. कार्डिफ आणि ग्लासगोच्या तिला आलेल्या ऑफर एक पायरी खाली आहेत, रेडिंगची त्याहून खाली. जूनच्या सुरुवातीपर्यंत एक फर्म आणि एक इन्शुरन्स ठेवून बाकीच्या सोडायच्या आहेत.

तिला पुढे क्लिनिकल किंवा एज्युकेशनल सायकॉलॉजिस्ट व्हायचंय. हे तिचं गेल्या दोन-तीन वर्षांपासून ठरलेलं आहे, प्रायमरी शाळेत ज्या मुलांना वाचायला त्रास होतो त्यांच्याबरोबर ती आठवड्यातून एकदा बसते आणि घरी आली की त्याच मुलांबद्दल बोलत असते. त्यामुळे विषय बदलण्याचा प्रश्न नाही, प्रश्न फक्त कुठे जायचं याचा आहे.

आत्तापर्यंत मला जे कळलंय ते लिहिते, चुकत असेल तर दुरुस्त करा. नुसतं 'सायकॉलॉजिस्ट' असं कुणीही लावू शकतं पण क्लिनिकल, काउन्सेलिंग, एज्युकेशनल, फॉरेन्सिक वगैरे लावायचं तर एचसीपीसीकडे (आरोग्य व्यावसायिकांची नियामक संस्था) नोंदणी लागते आणि त्यासाठी डिग्रीनंतर पुढचं मान्यताप्राप्त ट्रेनिंग लागतं, क्लिनिकलला तीन वर्षांचं डॉक्टरेट. त्या ट्रेनिंगला अर्ज करायचा तर पहिली डिग्री बीपीएसची (ब्रिटिश सायकॉलॉजिकल सोसायटी) मान्यता असलेली हवी आणि त्यात किमान टू-टू (खालचा सेकंड क्लास) हवा, मग जीबीसी, म्हणजे पुढच्या ट्रेनिंगला लागणारी बीपीएसची पात्रता, मिळतं (प्रत्यक्षात टू-वन, म्हणजे वरच्या सेकंड क्लासच्या खाली फारसं कुणी बघत नाही असं ऐकलंय). चारही कोर्सना ही मान्यता आहे, बीपीएसच्या साइटवर एकेक करून तपासलं. म्हणजे त्या बाबतीत चौघी सारख्याच, आणि इथेच आमच्या घरात वादाला तोंड फुटलंय.

नवऱ्याचं म्हणणं, मान्यता सगळ्यांना आहे ना, मग रँकिंग बघा आणि बाथ फर्म करा, विषय संपला. लेकीला बाथ आवडलंय पण ती म्हणते की ग्रेडच्या टेन्शनमध्ये परीक्षा द्यायची नाहीये. तिचा ओढा कार्डिफकडे आहे. ओपन डेला आम्ही दोघी गेलो होतो तेव्हा एका मुलीच्या डोक्यावर ईईजीची (मेंदूतले विद्युत सिग्नल मोजायची) टोपी चढवून दाखवत होते, एकेका इलेक्ट्रोडखाली सिरिंजने जेल भरायचं, केस बाजूला सारायचे, मग स्क्रीनवर लाइन स्थिर होईपर्यंत थांबायचं. बाकीची मुलं पाच मिनिटांत पुढे सरकली, ही तिथून हलेना. दाखवणाऱ्या पीएचडीच्या मुलाला हिने विचारलं की हे आम्हाला कितव्या वर्षी करायला मिळेल, तर तो प्रामाणिकपणे म्हणाला की सगळ्यांना मिळेलच असं नाही, शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट कुणाकडे मिळतो त्यावर आहे. मला ते उत्तर फार आवडलं.

बाथ आणि कार्डिफ दोन्हीकडे प्लेसमेंट इयरवाला (मधलं एक वर्ष बाहेर कामाचा अनुभव) कोर्स आहे, तिने तोच घेतलाय, म्हणजे चार वर्षं. ग्लासगोलाही चार वर्षं पण ती स्कॉटलंडची पद्धत म्हणून, सुरुवातीला सायकॉलॉजीबरोबर दुसरे विषयही करायचे. रेडिंगचं तीन वर्षांत होईल आणि राहण्याचा खर्च वाचेल. शिवाय चार्ली वॉलर इन्स्टिट्यूट तिथेच आहे, जिथे सीबीटी (विचार आणि वागणूक बदलण्यावरची थेरपी) थेरपिस्ट आणि पीडब्ल्यूपीचं (सौम्य चिंता-नैराश्य असलेल्यांना मदत करणारे) ट्रेनिंग होतं, त्याचा बीएस्सीच्या मुलांना काही उपयोग होतो का हे मात्र कळलं नाही.

पैशाचंही लिहितेच. इंग्लंडमध्ये २०२५-२६ ची कमाल फी वर्षाला ९,५३५ पौंड आहे, त्यामुळे बाथ काय नि रेडिंग काय, फीमध्ये फरक नाही, फरक सगळा राहण्याचा. लोन प्लॅन ५ मध्ये येणार, म्हणजे पगार वर्षाला २५,००० पौंडांच्या वर गेला की वरच्या रकमेवर ९ टक्के, ४० वर्षांपर्यंत. एवढं लांबचं लोन आहे तर एक वर्ष जास्त घेऊन प्लेसमेंट करावी का, हा माझा खरा प्रश्न आहे.

तर सांगा, पुढे डॉक्टरेटला अर्ज करताना पहिल्या डिग्रीच्या युनिव्हर्सिटीचं नाव किती चालतं? प्लेसमेंट इयर खरंच उपयोगी पडतं का? आणि बाथ फर्म ठेवून कार्डिफ इन्शुरन्स ठेवणं शहाणपणाचं आहे का, की ऑफर एवढ्या जवळजवळच्या असताना ते धोक्याचं आहे?

---

प्रतिसाद:

ताई, मी एनएचएसमध्ये (इथली सरकारी आरोग्यसेवा) असिस्टंट सायकॉलॉजिस्ट आहे, डॉक्टरेटसाठी अर्ज करतेय. माझा अनुभव सांगते. आमच्या टीममध्ये कोण कुठल्या युनिव्हर्सिटीतून आलंय हे मला अर्ध्या जणांचं माहितीसुद्धा नाही. मुलाखतीत कुणी विचारलं नाही. विचारतात ते हे, की तू कुणाबरोबर काम केलंस, कठीण प्रसंगी काय केलंस, सुपरव्हिजनमध्ये काय शिकलीस. जागा कमी आणि अर्ज प्रचंड असतात, त्यामुळे पहिल्या वर्षी लागत नाही म्हणून लोक खचतात, त्याची मानसिक तयारी आत्तापासून असू द्या. एकदा लागलं की मात्र इंग्लंडमध्ये ते ट्रेनिंग पगारी असतं, बँड ६ (एनएचएसची पगारश्रेणी), फीही भरावी लागत नाही, त्यामुळे लोनचा विचार फक्त पहिल्या डिग्रीपुरता करा.

प्लेसमेंटबद्दल. उपयोग होतो, पण 'प्लेसमेंट इयर आहे' एवढ्यावर थांबू नका. क्लिनिकल ठिकाणच्या बऱ्याच प्लेसमेंट बिनपगारी असतात. डिपार्टमेंटला मेल टाकून विचारा की मागच्या वर्षी मुलं कुठे कुठे गेली, प्लेसमेंट तुम्ही शोधून देता की मुलांनी शोधायची, आणि नाही मिळाली तर काय. उत्तर गोलगोल आलं तर समजून जा. पूर्ण वर्ष बाहेर असेल तर त्या वर्षाची फी नेहमीच्या कमाल फीच्या २० टक्क्यांपर्यंतच लावता येते, तो हिशोब धरा. मेंटेनन्स लोन पगारी आणि बिनपगारी प्लेसमेंटला वेगवेगळं असतं, ते स्टुडंट फायनान्सला विचारून घ्या.

अजून एक, पीडब्ल्यूपी करून मग डॉक्टरेट असा रस्ता बरेच जण सांगतील. चांगला रस्ता आहे, पण इंग्लंडमध्ये २०२२ पासून नियम आहे की एनएचएसच्या पैशांवर एक सायकॉलॉजिकल ट्रेनिंग केलं की दुसऱ्यासाठी दोन वर्षं थांबावं लागतं. आत्ता लगेच त्याची गरज नाही, पण माहीत असलेलं बरं.

---

प्रतिसाद:

इन्शुरन्सबद्दल लिहितो, आमच्या मुलाच्या वेळी हे सगळं झालंय. लोकांचा मोठा गैरसमज असा असतो की रिझल्टच्या दिवशी दोघांतून एक निवडता येते. तसं नाहीये. फर्मचे ग्रेड मिळाले की फर्मलाच जागा पक्की होते आणि इन्शुरन्स आपोआप सुटते. मन बदललं तर फर्म सोडून क्लिअरिंगमध्ये (उरलेल्या जागांच्या फेरीत) उतरावं लागतं, तिथे जुनी इन्शुरन्स मिळेलच याची खात्री नाही. म्हणून फर्म तीच ठेवा जिथे तिला खरंच जायचंय. बाथचे ग्रेड मिळाले तर ती बाथला खुशीने जाणार आहे का? 'बघू', 'चालेल' असं उत्तर येत असेल तर बाथ फर्म करू नका.

आणि इन्शुरन्सला चांगलं अंतर पाहिजे. बाथ आणि कार्डिफमध्ये एकाच पायरीचा फरक असेल तर एक पेपर बिघडला की दोन्ही जातात आणि ऑगस्टमध्ये सकाळी फोन घेऊन क्लिअरिंगच्या रांगेत बसायची वेळ येते. आणि हॉस्टेलची गॅरंटी पुष्कळ ठिकाणी फक्त फर्मवाल्यांना असते, इन्शुरन्सला असेलच असं नाही, तेही चेक करा.

---

प्रतिसाद:

मी सायकॉलॉजीच केलंय, आता रिसर्चमध्ये आहे. तुमच्या यादीत स्टॅटिस्टिक्सचा उल्लेख कुठेच नाही म्हणून लिहितेय. मॅथ्स ए-लेव्हल नसलेल्या मुलांना पहिल्या वर्षी सगळ्यात मोठा धक्का तोच बसतो. टी-टेस्ट, अनोव्हा, रिग्रेशन, आणि ते एसपीएसएस किंवा आर या सॉफ्टवेअरमध्ये करायचं. बीपीएसची मान्यता म्हणजे रिसर्च मेथड्स कुठेच चुकवता येत नाहीत. पण शिकवण्यात फरक असतो. छोट्या ग्रुपमध्ये कॉम्प्युटर लॅब आहेत का, ड्रॉप-इन आहे का, कोर्सवर्क किती आणि परीक्षा किती. इंग्लिश लिटरेचरवाली मुलगी आहे, निबंध आणि लॅब रिपोर्ट तिला छान जमतील, परीक्षेवर सगळं असेल तर कदाचित नाही.

चारही ठिकाणांच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षाच्या मॉड्युलच्या याद्या प्रिंट काढून शेजारी शेजारी ठेवा. पहिलं वर्ष सगळीकडे साधारण सारखंच, बायॉलॉजिकल, कॉग्निटिव्ह, डेव्हलपमेंटल, सोशल, इंडिव्हिज्युअल डिफरन्सेस. खरा फरक ऑप्शनल विषयांत आणि ते शिकवणाऱ्या माणसांत. तिला मुलांच्या वाचनात रस आहे ना, मग डिस्लेक्सिया, लँग्वेज डेव्हलपमेंट यावर काम करणारं कोण कुठे आहे ते बघा, कारण शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट अशाच कुणाकडे मिळायला हवा. ग्लासगो सोडायचं असेल तर सोडा, तिचं विषयाचं पक्कं आहे. ज्यांचं पक्कं नसतं त्यांना ती पद्धत फार चांगली.

---

प्रतिसाद:

थोडं वेगळं मत. नाव अगदीच सोडून देऊ नका. सायकॉलॉजी केलेले बरेच जण शेवटी सायकॉलॉजिस्ट होत नाहीत, एचआर, मार्केट रिसर्च, सिव्हिल सर्व्हिस, टीचिंग, डेटा असं कुठे कुठे जातात. सतराव्या-अठराव्या वर्षी ठरवलेलं एकविसाव्या वर्षी तसंच राहतं असं नाही. तुमचे मिस्टर अगदीच चुकीचं बोलत नाहीयेत, त्यांचंही ऐका. फक्त पूर्ण युनिव्हर्सिटीचं रँकिंग न बघता डिस्कव्हर युनी या साइटवर त्या कोर्सचं बघा, मुलांचं समाधान, पुढे नोकऱ्या वगैरे.

---

धागालेखिका:

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं भरभरून लिहाल असं वाटलं नव्हतं. रात्री तिघांनी बसून धागा वाचला. 'बाथला खुशीने जाणार का' हा प्रश्न तिला सरळ विचारला. ती जरा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, जाईन, पण कार्डिफ मिळालं नाही तर मला वाईट वाटेल, बाथ मिळालं नाही तर वाटणार नाही. नवराही यावर काही बोलला नाही, मग म्हणाला ठीक आहे, तिला चार वर्षं काढायचीत.

तर आत्ता असं दिसतंय की कार्डिफ फर्म आणि रेडिंग इन्शुरन्स. दोन्हींच्या ग्रेडमध्ये अंतर चांगलं आहे आणि रेडिंगला हॉस्टेलचा प्रश्नच नाही. ग्लासगो सोडतोय. मॉड्युलच्या याद्या काढल्यात, डायनिंग टेबलभर पसरल्यायत, ती हायलायटर घेऊन बसलीये. रेडिंगचे लँग्वेजसंबंधीचे ऑप्शन बघून ती उलट खूश झाली, आता इन्शुरन्ससुद्धा मनापासून असेल. स्टॅटिस्टिक्सचं तिला माहीत होतं, मला नव्हतं. ऑगस्टपर्यंत रिकाम्या वेळात थोडं आर शिकून बघते म्हणतेय, सुरुवात कुठून करावी हे त्या ताईंनी सांगितलं तर बरं होईल.

प्लेसमेंटबद्दल कार्डिफला मेल टाकलाय, वर सांगितलेत तेच तीन प्रश्न विचारलेत. तिथून सायकॉलॉजी करताना कुणी प्लेसमेंट शाळेत किंवा मुलांच्या मेंटल हेल्थ टीममध्ये केली असेल तर कृपया लिहा, व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला तरी चालेल. उत्तर आलं की इथेच टाकते.